पांढरं जाण्याची तक्रार घेऊन तीच बाई पुन्हा का येते? सुरक्षा क्लिनिकमधल्या नर्सचं काम

प्रश्न: ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून माझी नवीन नेमणूक झाली आहे. सुरक्षा क्लिनिकचं, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी क्लिनिकचं, काम माझ्याकडे आलंय. डॉक्टर आजाराप्रमाणे ठरलेल्या रंगाचं औषधांचं किट लिहून देतात, मी देते, रजिस्टर भरते. पण अंगावरून पांढरं जातं म्हणून आलेल्या बायका महिना-दीड महिन्यात पुन्हा त्याच तक्रारीने येतात. नवरे बोलावून येत नाहीत. यात नर्सने किट देण्यापलीकडे नेमकं काय करायचं असतं?

उत्तर:

बाई पुन्हा आली की आपण म्हणतो, औषध लागू पडत नाही. माझा अनुभव असा की औषध बहुतेक वेळा बरोबरच असतं, फक्त ते दोघांपैकी एकालाच मिळालेलं असतं. जंतू नवऱ्याकडे तसेच राहतात आणि पंधरा दिवसांत बाईकडे परत येतात. शिवाय काही बायकांना लैंगिक संबंधातून होणारा आजार मुळात नसतोच. पांढरं जाणं हा शब्द ऐकून त्यांच्या हातात किट पडलेलं असतं. या दोन्ही गोष्टी ज्या पाच-दहा मिनिटांत उलगडतात ती मिनिटं डॉक्टरांकडे क्वचितच असतात, ती आपल्याकडे असतात. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर किटच्या रंगात कमी आणि बोलण्यात जास्त आहे.

आधी पांढरं जाण्याचंच घेऊ. पाळीच्या मधल्या दिवसांत, गरोदरपणात, संबंधाच्या वेळी अंगावरून पाणी जाणं नैसर्गिक आहे. त्याला वास नसतो, खाज नसते, आग होत नाही. पण आपल्याकडे बायकांना लहानपणापासून सांगितलेलं असतं की पांढरं गेलं की अंगातली ताकद जाते, हाडं झिजतात. त्यामुळे कंबरदुखी, चक्कर, हातापायांची आग, थकवा, सगळं त्या एका शब्दाखाली येतं. अशा बाईचं हिमोग्लोबिन सात निघतं आणि तिच्या पिशवीत मात्र किट असतं. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: ‘ताई, किती दिवसांपासून जातंय, आणि आधीपेक्षा काय बदललंय?’ मग रंग, वास, खाज, लघवीची जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं, संबंधानंतर रक्त जाणं. दह्याच्या चोथ्यासारखं आणि प्रचंड खाज असेल तर बुरशी असते, आणि ती वारंवार होत असेल तर शुगर तपासायला विसरू नका. पातळ, राखाडी, माशासारखा वास असेल तर योनीतल्या चांगल्या जंतूंचा तोल बिघडलेला असतो. हे दोन्ही आजार नवऱ्याकडूनच आले असं समजायचं कारण नाही, आणि बाईला ते स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर घरी उगाच आग लागते. हिरवट-पिवळं, फेसाळ पाणी ट्रायकोमोनास नावाच्या जंतूचं असू शकतं. तो मात्र संबंधातूनच पसरतो आणि दोघांनाही औषध लागतं.

पण नुसतं विचारून भागत नाही. जंतू योनीत आहेत की गर्भपिशवीच्या तोंडाशी, हे तक्रारीवरून कळत नाही, ते बघावंच लागतं. गोनोरिया आणि क्लॅमिडिया हे संबंधातून पसरणारे जंतू गर्भपिशवीच्या तोंडाशी बसतात, आणि बाईला बऱ्याचदा काहीच त्रास देत नाहीत. तपासणी न करता हिरवं किट दिलं तर त्यातल्या सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोलचा या दोघांवर काही परिणाम होत नाही. बाईला चार दिवस बरं वाटतं आणि खरा आजार आत चढत राहतो.

म्हणून ओपीडीच्या दिवशी तुमचं सगळ्यात मोठं काम म्हणजे तपासणी होईल अशी जागा तयार ठेवणं. पडदा खरोखर बंद होणारा हवा. दिवा चालू आहे का ते सकाळीच बघा. उकळून ठेवलेली स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत बघायची साधनं, दोन-तीन मापांची हवीत. बाईला आधी लघवीला जाऊन यायला सांगा, स्पेक्युलम कोमट पाण्याने ओलं करा, घालण्याआधी तिच्या मांडीला लावून थंड नाही ना ते विचारा, आणि तोंडाने श्वास सोडायला सांगा. श्वास रोखला की स्नायू आवळतात आणि दुखतं. आत प्रकाश पडला की बघायचं ते एवढंच: पाणी योनीच्या भिंतींवर आहे की गर्भपिशवीच्या तोंडातून पू येतोय? कापसाचा बोळा लावला की तिथून रक्त येतंय का? तोंडातून पू असेल तर राखाडी किट, भिंतींवरच असेल तर हिरवं, दोन्ही असेल तर दोन्ही. आणि बोळा लावताच भळकन रक्त आलं, तोंड खडबडीत, फुलकोबीसारखं दिसलं, किंवा चाळिशी-पन्नाशीची बाई घाण वासाचं पाणी जातं म्हणून आली, तर किट हा विषयच नाही. डॉक्टरांना तिथेच दाखवा आणि कर्करोगाच्या तपासणीसाठी पाठवा. तिशीनंतरच्या प्रत्येक बाईची गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी झालीय का हे याच वेळी विचारून घ्यावं. स्पेक्युलमला तयार झालेली बाई पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही.

या तपासणीचं महत्त्व महाराष्ट्राला गडचिरोलीने दाखवून दिलं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या आणि १९८९ साली ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी कधी अंतर्गत तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के. आज औषधं फुकट मिळतात, तरी पडद्याआड न तपासता परत पाठवलेल्या बायका मला अजून भेटतात. अशाच बायकांना पुढे कोणीतरी ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ म्हणून घाबरवतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. त्यातल्या अनेकजणींची सुरुवातीची तक्रार पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं हीच होती. वेळेवर एक तपासणी आणि दोघांना औषध, एवढ्यावर जे थांबलं असतं ते ऑपरेशनपर्यंत गेलं, याचा मला फार त्रास होतो.

आता बोलण्याकडे येते. सासू किंवा जाऊ सोबत असेल तर ती हलणार नाही हे धरूनच चाला. ‘बाहेर जा’ म्हटलं तर संशय येतो. ‘आत तपासणी आहे, एकीलाच घेतो, तुम्ही तोवर बाहेर टेका’ म्हटलं की कोणी वाद घालत नाही. आत आल्यावर लगेच नवऱ्यावर जाऊ नका. ‘मी सगळ्यांनाच विचारते, तुम्हाला एकटीला नाही,’ असं म्हणून सुरुवात केली की बाई सैल होते. मग साध्या शब्दांत: मालकांना लघवीला जळजळ होते का, जागेवर फोड किंवा जखम आलीय का, कामाला बाहेरगावी असतात का, तुमचे दोघांचे संबंध येतात का. ‘तुमच्या नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत का?’ हा प्रश्न मी विचारत नाही. त्याच्या उत्तराने उपचार बदलत नाही, आणि क्लॅमिडियासारखा आजार महिनोन्‌महिने, कधी त्याहून जास्त, गुपचूप राहू शकतो. कोणाकडून कोणाला आला हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. बाईलाही हेच सांगा, कारण तिला घरी जाऊन नवऱ्याशी बोलायचंय.

नवरा यावा म्हणून काय करायचं? सगळ्यात आधी तिला विचारा: ‘घरी हे सांगितलं तर काय होईल?’ ती गप्प झाली, रडायला लागली, मारतात म्हणाली, तर तिच्यावर निरोप्याचं काम टाकू नका. समुपदेशकाला सोबत घ्या आणि त्याला रुग्णालयाकडून कसं बोलवायचं ते तिच्या संमतीने ठरवा. बाकीच्या बायकांना मी वाक्यच पाठ करून देते: ‘मला जंतुसंसर्ग झालाय, डॉक्टर म्हणाले दोघांनी गोळ्या घेतल्या तरच जातो.’ यात कोणावर आरोप नाही आणि खोटंही नाही. तिच्यासमोर चिठ्ठी लिहा, त्यावर आजाराचं नाव नको, फक्त किटचा क्रमांक, तारीख आणि कोणत्या खोलीत यायचं ते. नवरा पुण्या-मुंबईला असेल तर तो गावी कधी येतो ते विचारून ती तारीख टाका. तो तिकडच्याच सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तीच चिठ्ठी दाखवू शकतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि तो आला तर त्याला रांगेत ताटकळत ठेवू नका, लाजून आलेला माणूस अर्ध्या तासात निघून जातो. दोघांचं औषध होऊन सात दिवस होईपर्यंत संबंध नको, आणि टाळणं तिच्या हातात नसेल तर निरोध, हे दोघांनाही वेगवेगळं सांगा.

प्रत्येक किटला जोडीदाराचं औषध लागतं असं नाही. राखाडी, पांढरं (सिफिलिससारख्या जखमांचं), निळं (त्याच जखमांचं, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर), पिवळं (ओटीपोटातल्या दुखण्याचं), काळं (जांघेतल्या गाठीचं) असेल तर लागतं, त्याला काही त्रास नसला तरीही. हिरव्याला त्याला त्रास असेल किंवा ट्रायकोमोनासची शंका असेल तर. लाल किट नागिणीसारख्या पाणीदार फोडांचं, म्हणजे जननेंद्रियाच्या हर्पिसचं. त्यात जोडीदाराला फोड असतील तरच औषध, पण तपासायला मात्र बोलवायचं. रंग पाठ झाले तरी खोक्यावरचं नाव आणि मुदत वाचूनच द्या, सूचना आणि पुरवठा बदलत असतो.

औषध देताना दोन प्रश्न कधीच चुकवू नका: शेवटची पाळी कधी आली, आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का. पाळी चुकली असेल तर लघवीची गरोदरपणाची तपासणी आधी, किट नंतर. फ्लुकोनॅझोलची गोळी गरोदर बाईला देत नाही, तिला योनीत ठेवायच्या गोळ्या देतात. निळ्या, पिवळ्या आणि काळ्या किटमधलं डॉक्सिसायक्लिनही गरोदरपणात चालत नाही. आणि ओटीपोटात दुखणारी, पाळी चुकलेली बाई ही पिवळ्या किटची रुग्ण नाही. गर्भ नळीत अडकला असेल तर ती घरी जाऊन दगावू शकते. ताप, उलट्या, पोट कडक, नाडी जोरात, यातलं काही असेल तरी किट हातात ठेवून डॉक्टरांना बोलवा.

राखाडी किटमधली ॲझिथ्रोमायसिन एक ग्रॅम आणि सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम एकदाच घ्यायची असते, ती तुमच्यासमोर पाण्याबरोबर घेऊ द्या. घरी नेलेली गोळी कपाटात राहते किंवा नवरा-बायको अर्धी अर्धी वाटून घेतात. पिवळं किट चौदा दिवसांचं. चौथ्या-पाचव्या दिवशी पोट दुखायचं थांबतं आणि गोळ्याही थांबतात. म्हणून आधीच सांगा की दुखणं गेलं तरी आत सूज असते, गोळ्या सोडल्या तर नळ्या चिकटतात आणि पुढे मूल राहायला अडचण येते. हे शेवटचं वाक्य प्रत्येक बाई लक्षात ठेवते. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत आग होते. याच किटमधल्या मेट्रोनिडॅझोलने तोंड कडू होतं, आणि त्या दिवसांत दारू चालत नाही. हे पुरुषांना न लाजता सांगायचं.

पांढऱ्या किटवर जरा थांबते, कारण ते खऱ्या अर्थाने आपल्या हातातलं औषध आहे. सिफिलिसची जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते. लोकांना वाटतं गरमी गेली. जंतू मात्र रक्तात असतात. बेन्झाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट हे इतक्या वर्षांनंतरही त्यावरचं पक्कं औषध आहे. पाणी घातल्यावर ते दुधासारखं दाट होतं आणि सुई अडकते, म्हणून किटमध्ये २१ नंबरची जाड सुई दिलेली असते. बाटली नीट हलवा, सिरिंज भरल्यावर वेळ घालवू नका. १२-१२ लाख दोन्ही कुल्ल्यांत, वरच्या बाहेरच्या भागात, खोल स्नायूत. मागे ओढून रक्त येत नाही ना बघा, हे औषध शिरेत जाता कामा नये. एकदा सुरू केलं की हळू पण न थांबता द्या, मध्ये थांबलात की सुईत गुठळी बसते. आधी ॲलर्जीची चौकशी आणि तुमच्या रुग्णालयाच्या पद्धतीप्रमाणे चाचणी, ॲड्रेनालिन भरायच्या तयारीत, रुग्णाच्या पोटात काहीतरी असलेलं, आणि नंतर किमान अर्धा तास समोर बसवून ठेवणं. हे दुखणारं इंजेक्शन आहे, ते आधीच सांगा. आणि हेही सांगा की आज रात्री कदाचित थंडी वाजून ताप येईल, डोकं दुखेल, अंगावरचं पुरळ वाढल्यासारखं वाटेल. जंतू मरताना असं होतं, पॅरासिटामॉल घ्या, एका दिवसात उतरतं. हे न सांगितलेला रुग्ण समजतो की इंजेक्शन उलटलं, आणि परत येत नाही. आजार जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन डोस लागतात, तेव्हा हा परत न येणारा माणूस महागात पडतो.

गरोदर बाईची सिफिलिस तपासणी पहिल्याच भेटीत झाली पाहिजे, आठव्या महिन्यात रिपोर्ट येऊन उपयोग नाही. प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी पेनिसिलिन मिळालं तरच बाळाचा उपचार पुरेसा झाला असं धरतात. बाळापर्यंत खात्रीने पोचतं ते पेनिसिलिनच. ॲलर्जी असेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवा, तिथे तिला देखरेखीखाली थोडं थोडं देत पेनिसिलिनची सवय करतात. दुसऱ्या गोळ्या देऊन समाधान मानू नका. इंजेक्शननंतर तिच्या पोटात कळा येतात का, बाळाची हालचाल कमी झालीय का, हे बघायला थांबवून घ्या. मृत जन्म, वाचलं तरी हाडं बिघडलेलं, ऐकू न येणारं बाळ, हे सगळं एका इंजेक्शनने टळतं. या विषयात मी कोणाशीही भांडायला तयार असते.

सुई टोचण्याचं काम रोजचं असल्याने तुमच्यासाठीही एक: हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस पूर्ण आहेत का ते आजच बघा. सुईला टोपण परत लावू नका. टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषधासाठी लगेच कळवा. पहिल्या दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही.

प्रत्येक रुग्णाला एचआयव्ही आणि सिफिलिस तपासणी सुचवायची, पण संमतीने. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमती आणि गोपनीयता दोन्ही बंधनकारक आहेत. रजिस्टर उघडं ठेवणं, व्हरांड्यातून नाव घेऊन ‘तुमचा तो रिपोर्ट आलाय’ ओरडणं, वॉर्डबॉयसमोर चर्चा, हे सगळं त्या गोपनीयतेचा भंग आहे. छोट्या गावात एक शब्द बाहेर गेला की त्या पाड्यावरचं कोणीच तुमच्याकडे येणार नाही. ज्यांना समोर येऊन बोलणं जमत नाही त्यांना १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा मोफत नंबर द्या. रुग्ण १८ वर्षांच्या आतली असेल आणि तिचे संबंध आलेले असतील, तर मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पण उपचार आधी. अत्याचार झालेल्या मुलीला गर्भनिरोधक गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषध दोन्ही वेळेत मिळायला हवीत, कागदपत्रांसाठी ते अडवू नका.

प्रतिबंधाचं बोलणं याच भेटीत उरकता येतं. निरोधचं पाकीट हातात देऊन भागत नाही. लाकडी मॉडेलवर दाखवा, तारीख बघायला शिकवा, आणि खोबरेल तेल लावू नका हे सांगा, तेलाने रबर फाटतं. तांबी बसवलेल्या बायकांना वाटतं आपण सुरक्षित आहोत. तांबी मूल थांबवते, आजार नाही. डेटॉलने, साबणाने आतून धुण्याची सवय सोडवा, त्याने चांगले जंतू मरतात आणि पांढरं जाणं वाढतं. घरात ९ ते १४ वयाच्या मुली असतील तर गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लसीबद्दल आईला सांगा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक २०२३ पासून मिळते, आणि या वयात दोन डोस पुरतात.

पुरुष रुग्णांबद्दल थोडंच. ते आधी औषधाच्या दुकानात जातात, दोन-चार गोळ्या खातात, पू थांबला की विसरतात. ‘धातू जाते’ म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांना आजार नसतो, भीती असते, आणि त्यांना भोंदूंच्या जाहिरातींपासून वाचवणं हाही उपचारच आहे. सिस्टरसमोर बोलायला लाजत असतील तर समुपदेशक पुरुष असेल त्याच्याकडे द्या, त्यात कमीपणा नाही.

राहिलं सातव्या दिवसाच्या फेरतपासणीचं. परत बोलवलेल्या बाईला तीन गोष्टी विचारा: सगळं औषध घेतलं का, मालकांनी घेतलं का, मध्ये संबंध आले का. तिन्ही नीट असूनही पू चालू असेल तर तेच किट पुन्हा देऊ नका. गोनोरियाचे जंतू अनेक औषधांना दाद देईनासे झालेत. तिला प्रयोगशाळेत नमुना घेता येईल अशा ठिकाणी पाठवा, तिथे बहुधा सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन देतील. सिफिलिसवाल्यांची रक्ततपासणी महिन्यांच्या अंतराने पुन्हा लागते, रिपोर्टमधला आकडा (टायटर) चार पटींनी उतरला पाहिजे. तुमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जात असतील तर सप्टेंबरपासूनच आशाताईंना सांगून जोडप्यांना बोलवा, दोघं अजून गावात असतात. निघण्याआधी आली तर एकच कार्ड द्या: काय दिलं, कोणत्या तारखेला, पुढची तपासणी कधी. साखर कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तेवढ्यावर पुढचं काम होतं.